सायलेन्सरचे जोड: आधी बसणी, मग पेस्ट

तुमची तक्रार थोडक्यात अशी: २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक. बाहेरून स्टेनलेसची सायलेन्सर लाइन मागवली आणि मित्राच्या शेडमध्ये स्वतः बसवली. किटमध्ये एकही पॅकिंग आलं नव्हतं, म्हणून पुढच्या फ्लँजला (बोल्टांनी आवळायच्या चपट्या जोडपट्टीला) आणि पाइपात पाइप जाणाऱ्या मधल्या दोन जोडांना लाल सिलिकॉन फासलं. आठ दिवसांत पुढून फटफट सुरू झाली, चेक इंजिनचा दिवा लागला, ॲव्हरेज पडलं. आता एक जण म्हणतो सायलेन्सर पेस्ट लावा, दुसरा म्हणतो सगळं वेल्ड करून टाका, तिसरा म्हणतो एम-सील भरा. कोणाचं ऐकावं?

एम-सीलवाल्याला चहा पाजा आणि विषय बदला. पाण्याच्या टाकीला ते उत्तम आहे, पण इथलं तापमान पाहता ते जळून काळा भुगा होतं. बाकी दोघांचं अर्धं अर्धं बरोबर आहे, मात्र कुठल्या जोडाला काय, हे दोघांनीही सांगितलेलं नाही. गाडीखालचे सगळे जोड सारखे नसतात. तुमच्या लाइनमध्ये निदान दोन जाती आहेत आणि दोघींचं औषध वेगळं आहे.

आधी सिलिकॉन का उडालं ते पाहू. पेट्रोल इंजिनावर पूर्ण लोड असताना हेडमधून बाहेर पडणारा धूर ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. मधल्या पाइपापर्यंत येता येता तो बराच उतरतो आणि शेपटाला, म्हणजे मागच्या टोकाला, तर बऱ्याचदा १००-२०० अंशच उरतात. लाल आरटीव्ही सिलिकॉन थोडा वेळ फार तर ३००-३५० अंश सोसतं, तांबड्या रंगाचं 'कॉपर' सिलिकॉन त्याहून जरा जास्त. म्हणजे मागच्या डब्याजवळ ते टिकेलही, पण पुढच्या फ्लँजला त्याचा निभाव लागणं शक्य नव्हतं. शिवाय साध्या सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरात प्राणवायू किती उरला ते मोजणाऱ्या) तोंडावर सिलिकाचा थर चढवते आणि सेन्सर मंद होतो. लावताना व्हिनेगरसारखा वास येत होता का? असेल तर सेन्सरच्या पुढच्या-मागच्या कुठल्याही जोडात ते परत वापरू नका. सेन्सरला चालणारं सिलिकॉन मिळतं, ट्यूबवर तसं लिहिलेलं असतं, पण तेही गार भागासाठीच.

आता दिवा आणि ॲव्हरेज. लोकांना वाटतं, लिकेज म्हणजे धूर बाहेर येणार, आवाज होणार, बाकी काय बिघडतं? गंमत अशी की फटीतून हवा आतही जाते. इंजिनातून धूर नळाच्या पाण्यासारखा सलग येत नाही, तो धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मधे पाइपातला दाब क्षणभर बाहेरच्या दाबाखाली जातो आणि तेवढ्यात फटीतून बाहेरची हवा ओढली जाते. सेन्सरला तो प्राणवायू दिसतो, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं पेट्रोल कमी पडतंय, मग तो जास्त पेट्रोल सोडतो. ॲव्हरेज गेलं ते असं.

पण अंदाजावर जाऊ नका, कोड वाचून घ्या. आजकाल मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर स्वस्तात मिळतो. पी०१७१ आला तर मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) दिसतंय, म्हणजे पहिल्या, इंजिनाजवळच्या सेन्सरच्या अलीकडे कुठेतरी हवा शिरते आहे. मात्र इनटेकच्या पाइपातली गळतीही हाच कोड देते, तीही तपासा. पी०१३७ आला तर मागच्या सेन्सरचं व्होल्टेज कमी आहे आणि तुमच्या त्या फ्लँजवर संशय पक्का होतो. पी०१४१ आला तर फ्लँजशी संबंध नाही. मागच्या सेन्सरच्या हीटरचं सर्किट बोलतंय. लाइन काढताना वायर ओढली गेली का किंवा ती पाइपावर टेकून वितळली का, ते बघा. हे मी फार वेळा पाहिलं आहे. जोड दुरुस्त करायच्या नादात माणूस तीन वेळा लाइन खाली उतरवतो आणि दोष निघतो वितळलेल्या वायरीत.

पुढच्या फ्लँजकडे वळू, कारण खरं काम तिथेच आहे. फ्लँज दोन तऱ्हेचे असतात. एकात दोन सपाट पट्ट्या समोरासमोर येतात आणि मधे चपटं पॅकिंग बसतं. दुसऱ्यात एका बाजूला गोलाकार वाटी असते, तिच्यात डोनटसारखी जाड रिंग बसते आणि बोल्टांना स्प्रिंग असते. किट बनवणारे बऱ्याचदा या दुसऱ्या जातीच्या मूळ पाइपाला पहिल्या जातीचा सपाट फ्लँज जोडून देतात. तसं झालं असेल तर जगातली कुठलीही पेस्ट तो जोड बंद करणार नाही. गाडीच्या बाजूला वाटी आहे की सपाट पृष्ठभाग, हे लाइन उतरवल्यावर पहिल्यांदा बघा. वाटी असेल तर समोरचा भाग तसाच हवा. नसेल तर जुन्या मूळ पाइपाचं तोंड चार इंच ठेवून कापा आणि नव्या लाइनला वेल्ड करून घ्या. मी हेच करतो. गिऱ्हाईक कुरकुरतं, की नव्या चकचकीत पाइपाला गंजकं तोंड कशाला. पण जोड एका फटक्यात बसतो.

दोन्ही बाजू सपाट असतील तर सपाटी तपासायची. स्टीलची पट्टी आडवी ठेवा आणि खाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) सरकवून बघा. फट ०.१ मिलिमीटरपर्यंत असेल तर पॅकिंग सांभाळून घेतं. ०.२ च्या पुढे गेलं तर घासायलाच हवं. जाड काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या तुकड्यावर एमरी पेपर चिकटवा आणि फ्लँज इंग्रजी आठच्या आकड्यात घासा. चकाकी सगळीकडे सारखी आली की झालं. ग्राइंडरने हे काम करू नका. ग्राइंडर फ्लँज चमकवतो पण सपाट करत नाही, उलट कडा खातो. पातळ फ्लँजचा आणखी एक रोग आहे. दोन बोल्टांचा पाच-सहा मिलिमीटरचा फ्लँज जोरात आवळला की कान पुढे येतात आणि मधलं पोट सुटतं, अगदी केळं वाकतं तसं. फट नेमकी बोल्टांपासून सर्वांत लांब पडते. मग माणूस म्हणतो गळतंय, आणखी आवळा. आणखी आवळलं की आणखी वाकतं. घेताना आठ-दहा मिलिमीटर जाडीचा फ्लँज बघून घेतलात तर हा सगळा त्रास वाचतो.

पॅकिंग दोन-तीन प्रकारची मिळतात. पोलादाच्या पातळ थरांचं, ज्याला मल्टीलेयर म्हणतात, ते टिकतं, पण दोन्ही पृष्ठभाग साफ आणि सपाट हवेत. मधे पत्रा आणि दोन्ही बाजूंना ग्रॅफाइट असं जे असतं ते थोडे खड्डे माफ करतं. घरी बसवणाऱ्याला मी तेच सांगतो. जुन्या दुकानात कधी कधी 'ॲस्बेस्टॉसची शीट आहे, कापून देतो' असं ऐकू येतं. नको म्हणा. त्याची धूळ फुप्फुसात जाते आणि तिथेच राहते. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुना तुकडा नेऊन दाखवलात तर मापाचं पॅकिंग मिळतं. भोकांमधलं अंतर आणि आतला व्यास मोजून न्या. आतला व्यास पाइपापेक्षा लहान असेल तर पॅकिंगची कड धुराच्या वाटेत येते, जळते आणि तिथूनच तुकडे सुटायला लागतात.

पॅकिंगवर पेस्ट लावायची का? ग्रॅफाइटवर अजिबात नाही. डोनट रिंगवर तर कधीच नाही, कारण ती वाटीत फिरायला हवी आणि पेस्ट तिला चिकटवून टाकते. साध्या पोलादी पॅकिंगला, आणि तेही जुन्या, खड्डे पडलेल्या फ्लँजवर बसवताना, पातळ हात फिरवला तर चालतं. कॅटच्या, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, आधीच्या जोडाला मी तोही फिरवत नाही. वाळलेल्या पेस्टचा खपला सुटला की तो थेट कॅटच्या जाळीवर जाऊन बसतो.

आता स्प्रिंगचे बोल्ट. हे इतके बदनाम का आहेत कळत नाही. दर दुसऱ्या गाडीत कोणीतरी ते काढून साधे नटबोल्ट गच्च आवळलेले असतात, 'स्प्रिंग ढिली होती' म्हणून. ती ढिली नव्हती, ती तशीच असायला हवी होती. त्या बोल्टाला मधे खांदा असतो. खांदा टेकेपर्यंत आवळायचा आणि थांबायचं. इंजिन रबरी माउंटिंगवर डोलतं, त्याची डोल पाइपाला लागू नये म्हणून तो जोड हलता ठेवलेला असतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, पैसे भरून शिकलो आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाइकाने सांगितलं, लिकेजची कटकट नको, सगळं एकसंध करा. मी पुढच्या फ्लँजपासून शेपटापर्यंत सगळं वेल्ड केलं, मधला जाळीचा, लवचीक फ्लेक्स पाइपही काढून टाकला. दिसायला सुरेख झालं. चार महिन्यांनी गाडी परत आली. मॅनिफोल्डचा (इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या पहिल्या नळ्यांचा) एक स्टड तुटलेला आणि मॅनिफोल्डला भेग. हिशेब नंतर केला, आधी करायला हवा होता. स्टेनलेस ३०४ एका मीटरला दर अंशामागे साधारण १७ मायक्रॉन वाढतं. दोन मीटर पाइप सरासरी ३०० अंशांनी तापला की दहा मिलिमीटर लांब होतो. साधं लोखंड सातेक मिलिमीटर वाढतं. ही वाढ कुठेतरी जायला हवी. तिला वाट दिली नाही तर ती स्वतः वाट काढते आणि सगळ्यात कमजोर वस्तू तोडते. मॅनिफोल्डचे पैसे अर्थातच मी भरले.

म्हणून 'सगळं वेल्ड करा' हे तुमच्यासाठी नाही. फ्लेक्स पाइप जागेवर असेल तर मधला एखादा जोड वेल्ड करायला हरकत नाही. मात्र पुढे कधी गिअरबॉक्स किंवा मागचा डबा उतरवावा लागला तर ग्राइंडर चालवावा लागेल, हे आधीच मान्य करून टाका. वेल्डिंग गाडीवरच करायचं असेल तर बॅटरीची मायनस काढा आणि अर्थचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावा. टाकीजवळ ठिणगी नको, तिथलं काम लाइन खाली उतरवूनच. दीड मिलिमीटरच्या पाइपाला साध्या काडीने भोकं पडतात, मिग किंवा टिग वेल्डिंग मशीन असलेल्याकडे जा. गॅल्व्हनाइज्ड पाइप किंवा क्लॅम्प असेल तर जस्ताचा थर आधी घासून काढा. त्याच्या धुराने रात्री हुडहुडी भरून ताप येतो, कुठल्याही जुन्या वेल्डरला विचारा.

तुमचे मधले दोन स्लिप जॉइंट. पेस्टची खरी जागा इथे आहे, पण पाइप एकमेकांत नीट बसत असतील तरच. किटवाले 'दोन इंची' असं लिहितात तेव्हा आतला व्यास की बाहेरचा, हे सांगत नाहीत आणि घोळ इथेच होतो. कॅलिपरने मोजा. आतला पाइप हाताने फिरवत, थोडा जोर लावून जावा. सगळा मिळून अर्धा मिलिमीटर सैल असेल तर क्लॅम्प आणि पेस्ट सांभाळून घेतात. दीड-दोन मिलिमीटर खेळत असेल तर मधे पत्र्याची पट्टी गुंडाळण्याचा जुगाड करू नका, योग्य मापाची बाही आणा किंवा पाइपाचं तोंड फुलवून घ्या. एक पाइप दुसऱ्यात निदान दीड-दोन इंच जायला हवा. इंजिनाकडचा पाइप आत आणि मागचा बाहेर असं ठेवा, म्हणजे धूर कडेवर आदळत नाही.

क्लॅम्प इंग्रजी यू आकाराचा असेल तर तो पाइपाला चिमटा काढतो. एका रेषेत घट्ट, बाजूला सैल, आणि एकदा खाच पडली की तो पाइप पुन्हा सोडवणं नशिबावर. रुंद पट्टीचा क्लॅम्प पूर्ण घेरावर सारखा दाब देतो. बाहेरच्या पाइपाच्या तोंडाला एक-दोन चिरा मारलेल्या असतील तर तो फारच छान बसतो, फक्त चिरेचं टोक पट्टीच्या खाली झाकलं गेलं पाहिजे. चिर पट्टीबाहेर उघडी राहिली की फुसफुस तिथूनच येते आणि माणूस शोधत बसतो भलतीकडे.

सायलेन्सर पेस्ट म्हणजे बहुतेक करून सोडियम सिलिकेट आणि दगडी भुकटी. त्यात पाणी असतं आणि ती उष्णतेनेच घट्ट होते. दोन्ही पाइप वायर ब्रशने घासून, थिनरने पुसून घ्या. लाल सिलिकॉनचा एक कण राहता कामा नये, नाहीतर पेस्ट धरणारच नाही. पेस्ट आतल्या पाइपाच्या बाहेरून लावा, तोंडापासून अर्धा इंच सोडून. बाहेरच्याच्या आतून लावलीत तर सगळी पुढे ढकलली जाऊन धुराच्या वाटेत गोळा होते. फिरवत आत सारा, क्लॅम्प आवळा आणि मग घाई करू नका. अर्धा तास तसंच राहू द्या, नंतर दहा मिनिटं आयडलवर चालवा, बंद करून गार होऊ द्या. लगेच हायवेला काढलीत तर आतल्या पाण्याची वाफ होते, पेस्टला फोड येतात आणि पापड तयार होतो. घट्ट झाल्यावर ती काचेसारखी ठिसूळ असते, ओढाताण सोसत नाही. म्हणून आधी क्लॅम्पने पाइप जागेवर धरलेला हवा.

बसवताना क्रम असा ठेवा. सगळी लाइन सैल जोडून हँगर रबरांवर लटकवा. रबरं जुनी, चिरलेली असतील तर आत्ताच बदला, महाग नाहीत. बॉडी, ब्रेकचा होस आणि पेट्रोलची नळी यांच्यापासून बोटभर तरी अंतर सोडा, आणि गाडी सीएनजी असेल तर टाकीच्या ब्रॅकेटपासूनही. मग पुढून मागे आवळत या. दोन बोल्ट असले तरी एकदम एक पूर्ण आवळू नका, आळीपाळीने. साध्या फ्लँजच्या ८ मिलिमीटरच्या बोल्टाला २० ते २५ न्यूटन मीटर पुरे, १० च्या बोल्टाला चाळिशीच्या आसपास. शेवटचा बोल्ट आवळताना पाइप जबरदस्तीने ओढून आणावा लागत असेल तर थांबा. तो ताण जोडात कायमचा राहणार आणि पॅकिंग त्याच बाजूने फुटणार.

कोकणातून येणाऱ्या गाड्यांचे स्टड पाहिले की मला अजून धडकी भरते. खाऱ्या हवेत नट आणि स्टड एकजीव होतात. तुमच्याकडे तसं असेल तर आदल्या रात्री डब्ल्यूडी-४० मारून ठेवा आणि उघडताना पुढे-मागे करत सोडवा. सरळ जोर लावलात तर आटे तरी जातील, नाहीतर स्टड तरी. नव्याने बसवताना तांब्याचा मुलामा दिलेले नट घ्या आणि आट्यांना थोडं अँटीसीझ (आटे एकमेकांना धरू नयेत म्हणूनचा लेप) लावा. स्टेनलेसच्या बोल्टावर स्टेनलेसचा नट कोरडा चढवू नका, ते एकमेकांना धरून बसतात आणि मग कापावेच लागतात.

तपासायचं ते सकाळी, गाडी पूर्ण गार असताना. कोणाला तरी स्टार्ट करायला सांगा, जाड हातमोजा घालून चिंधीने शेपूट क्षणभर दाबा आणि कान लावा. गळती असेल तर फुसकारा लगेच ऐकू येतो. इंजिन बंद ठेवूनही जमतं: ब्लोअरची नळी शेपटात धरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे आले तिथे फट. जुनी गळती असेल तर काजळीची काळी रेष आपोआप जागा दाखवते. गार असताना टकटक आणि दोन किलोमीटरनंतर शांत, असं असेल तर मात्र मॅनिफोल्डकडे बघा. तिथली फट किंवा भेग धातू फुगल्यावर मिटते आणि माणूस समजतो बरी झाली.

हे चुकवू नका, कारण आवाज फक्त कानाला त्रास देतो, कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. केबिनखाली गळती असताना काचा बंद करून घाटात तासभर चढलात आणि डोकं जड झालं, तर ती गाडी लागणं नसेलही. पीयूसीतही अडकाल. बीएस ४ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना वाढवलेल्या आयडलवर लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ च्या मधे यावा लागतो आणि फटीतून शिरलेली हवा तो आकडा वर नेते.

तुम्ही जाता जाता विचारलंत की आता लाइन खाली आहेच तर कॅट काढून सरळ पाइप टाकू का. मी टाकून देत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये आवाज आणि प्रदूषणाचे नियम मोडणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद. बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली जाताना फोटोत पाहिले असतीलच. डेसिबल तुमच्या नव्या डब्याचे किती आहेत, तेही बॉक्सवर बघून ठेवा.

शंभर किलोमीटर चालवल्यावर, गार असताना, फ्लँज आणि क्लॅम्प एकदा पान्याने तपासा. पॅकिंग दबलेलं असतं, पाव-अर्धा फेरा मिळतोच. स्प्रिंगवाल्यांना हात लावू नका. आणि मागच्या डब्याच्या तळाला सुईपेक्षा थोडं मोठं भोक दिसलं, त्यातून पाणी ठिबकत असलं, तर ते लिकेज समजून पेस्टने बुजवू नका. आत साचलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून बनवणाऱ्यानेच ते ठेवलेलं असतं.